‘ताई, बरोबर आहे का?’ : गणितात मागे पडलेल्या मुलाला शिकवताना

गणितात मागे पडलेलं मूल ओळखायला प्रगतिपुस्तक लागत नाही. एक ओळ लिहिली की ते मान वर करून आपल्या चेहऱ्याकडे बघतं. आपली भुवई जरा हलली की खोडरबर हातात. लिहिलेलं बरोबर असलं तरी खोडतं.

साताऱ्यात गेली सतरा वर्षं मी घरी शिकवण्या घेते, पाचवी ते दहावी. त्यातली बरीचशी मुलं ‘ह्याचं गणित कच्चं आहे’ असं सांगून आणून सोडलेली. कुणी भागाकारात अडलेलं, कुणी अपूर्णांकात, कुणी इंग्रजीत विचारलेल्या उदाहरणात. पण प्रश्न सगळ्यांचा एकच: “ताई, बरोबर आहे का?”

शिकवणीचं खरं काम हा प्रश्न बंद करणं, असं मला वाटतं. मुलाला आत्मविश्वास द्या, असं पालक म्हणतात, पण तो देता येत नाही. ‘छान, शाब्बास’ म्हटल्याने मूल तेवढ्यापुरतं हसतं आणि पुढच्या ओळीला पुन्हा आपल्याकडे बघतं. आपलं उत्तर बरोबर आहे की चूक हे त्याला स्वतःला तपासता आलं, की त्याची नजर वहीवर ठरते. आपल्या शाळांत ह्यासाठी जुना शब्द आहे, ताळा. तो हल्ली गुणांसाठी लिहितात आणि एरवी विसरतात. माझ्या शिकवणीत सगळं त्याच्याभोवती फिरतं.

पुढचा क्रम सहावी-सातवी-आठवीतलं मूल, आठवड्याचे तीन दिवस, रोज तासभर, असं धरून लिहिला आहे.

पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडू नका

सुरुवातीच्या वर्षांत मी एक चूक सतत करायचे. शाळेत जो धडा चालू आहे, तिथून सुरू करायचे. आठवीतल्या मुलीला बैजिक राशींचे अवयव शिकवायचे आणि तिला सात आठे किती हे आठवत नसायचं. महिनाभर दोघी घाम गाळायचो, चाचणीत गुण तेवढेच. तिला वाटलं आपल्याला शिकवणी लावूनसुद्धा येत नाही. मी तिचं नुकसान केलं, हे मला नंतर कळलं.

आता पहिला दिवस गप्पांचा. घरी कोण कोण आहे, क्रिकेट खेळतोस का, किराणा आणायला कोण जातं, सुट्टे पैसे कोण मोजून घेतं. ह्यातून मूल कुठे हिशेब करतं ते समजतं. एका मुलाला वहीत शेकडेवारी अजिबात जमत नव्हती, पण अठरा चेंडूंत सत्तावीस धावा हव्यात तर एका षटकात किती, हे त्याने बोटंही न मोजता सांगितलं. असं काही सापडलं की लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडतं.

नजर चालू द्या. वही नाकाजवळ धरतो का, फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळतो का? शंका आली तर आधी डोळे तपासून घ्यायला सांगा. चष्मा लागल्यावर ‘गणित सुधारलं’ अशी दोन मुलं माझ्याकडे होऊन गेली आहेत.

कुठल्या पायरीवर सुटला ते शोधा

दुसऱ्या दिवशी एक कागद द्या. त्याला परीक्षा म्हणू नका, वेळ लावू नका, लाल पेन जवळ ठेवू नका. मी साधारण हे विचारते:

- ऐकून लिही: एकोणसाठ, त्रेपन्न, चारशे पाच
- ५२ − २७ आणि ३०० − १४६
- ७ × ८, मग ४७ × २३
- ४३२ ÷ ४
- १/२ मोठा की १/३? १/२ + १/३ किती?
- ०.५ मोठा की ०.२५?
- −३ + ५ आणि −३ − ५
- २x + ३ = ११

लागोपाठ दोन प्रकार अडले की थांबवा. पुढचे प्रश्न सोडवायला लावून त्याला आणखी चार वेळा हरवण्यात अर्थ नाही.

आठवीतल्या मुलाला दोन अंकी वजाबाकी कशी विचारायची, असा संकोच वाटेल. विचारा. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’च्या पाहणीत देशभरच्या खेड्यांत घरोघरी जाऊन नेमकं हेच विचारते: अंक ओळखता येतात का, दोन अंकी हातच्याची वजाबाकी येते का, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येतं का. वरच्या वर्गात जाऊनही ह्या पायऱ्या राहून गेलेली मुलं त्यांना दरवेळी भेटतात.

पहिला प्रश्न ऐकून लिहिण्याचा का, ते सांगते. आपल्या भाषेत त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना पाच आधी. एकोणसाठमध्ये तर साठ ऐकू येतो आणि लिहायचा असतो पन्नासाच्या घरातला आकडा. मुलं ५९च्या जागी ६९ लिहितात, ५३च्या जागी ३५. हे फक्त लहानांचं नाही, सातवीतही सापडतं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’साठी ‘वीस सात’ असं वाचन आणलं तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला, थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर तेव्हा बाजू मांडत होत्या की ही जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना अवघड जातो. पद्धत पटो न पटो, अडचण खरी आहे. ज्याला एकोणऐंशी ऐकून ७९ लिहिता येत नाही, त्याला शाळेत तोंडी सांगितलेलं प्रत्येक उदाहरण आधीच चुकलेलं मिळतं. अशा मुलाला मी आठवडाभर रोज दहा संख्या ‘सत्तर आणि नऊ, म्हणजे एकोणऐंशी’ अशा दोन्ही प्रकारे म्हणायला लावते. तेवढ्याने भागतं.

चूक खोडू नका, वाचा

सातवीतल्या एका मुलाने ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहिलं. मी ‘चूक’ म्हटलं नाही. “कसं केलंस ते मला सांग,” एवढंच म्हटलं.

“सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन.”

“सातातून दोन का?”

“दोनातून सात जात नाहीत ना. मग मोठ्यातून लहान घालवायचा.”

त्याचा नियम पक्का होता: मोठ्यातून लहान. हा नियम कुणी शिकवलेला नव्हता, त्याने तो स्वतः बनवला होता. अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन ह्या दोघांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा असाच अभ्यास मांडला. त्यांना दिसलं की मुलं वाटेल तसं चुकत नाहीत, एखादा चुकीचा नियम अगदी इमानाने पाळतात. म्हणून पन्नास उदाहरणं सरावाला देऊन काही होत नाही. तो मुलगा पन्नास वेळा चुकीचाच नियम घोटवेल.

तेव्हा हे तीन शब्द सवयीचे करा: “कसं केलंस? सांग.” फक्त चुकल्यावर नाही, बरोबर आल्यावरही विचारा. नाहीतर हा प्रश्न आला म्हणजे चुकलंच, हे मूल दोन दिवसांत ओळखतं आणि पुन्हा खोडरबर घेतं.

नेहमी भेटणारे असे घरगुती नियम सांगते, म्हणजे ऐकताना कान तयार राहील. ४३२ ÷ ४ चं उत्तर १८ येतं, कारण ‘तिनाला चाराने भाग जात नाही म्हणून पुढचा आकडा घेतला’ आणि मधलं शून्य द्यायचं राहिलं. १/२ + १/३ = २/५, कारण वरचे वर मिळवले, खालचे खाली. ०.२५ हा ०.५ पेक्षा मोठा, कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे. आणि −३ − ५ = +८, कारण शाळेत ‘वजा वजा अधिक’ असं तालात पाठ झालं आहे आणि तो नियम गुणाकाराचा आहे हे कुणी बजावलं नाही.

एका छोट्या वहीत मुलाच्या नावाने हे नियम लिहून ठेवा. तारीख घाला. चूक नव्हे, नियम लिहा: ‘मोठ्यातून लहान वजा करतो.’ पुढे ही वही फार कामाला येते.

आधी हातात, मग चित्रात, मग आकड्यांत

त्या मुलाला मी कागदाच्या नोटा करायला सांगितल्या. दहाच्या दहा, आणि रुपयाची खरी नाणी घरातली. “तुझ्याकडे बावन्न आहेत. दुकानदाराला सत्तावीस दे.”

त्याने पाच नोटा आणि दोन नाणी मांडली. दोन नोटा पुढे सरकवल्या. मग नाण्यांकडे बघून थांबला. “सात सुट्टे नाहीत.”

“मग?”

“नोट मोडायला लागेल.”

दहाची एक नोट माझ्याकडे दिली, दहा नाणी घेतली. आता नाणी झाली बारा. त्यातली सात दिली, उरली पाच. नोटा उरल्या दोन. पंचवीस. वहीतलं ३५ तिथेच होतं. त्याने दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं आणि खोडायला लागला. मी हात धरला. “खोडू नको. शेजारी लिही.”

मग तीच गोष्ट आकड्यांत लिहिली: पाचावर काट मारून चार, दोनाचे बारा. हे त्याला चौथीपासून येत होतं, ‘हातचा घ्यायचा’ म्हणून. पण हातचा कुठून येतो हे ठाऊक नव्हतं. नोट मोडणं ठाऊक होतं. दोन्ही एकच आहे हे कळायला वीस मिनिटं लागली, आणि ३०० − १४६ त्याने स्वतःहून शंभराची नोट मोडून केलं. १५४.

घाई करू नका. नोटांवरून चित्रावर यायचं: उभ्या रेघा म्हणजे दहा, ठिपके म्हणजे एक. चित्रं काढायचा कंटाळा येऊन मूल स्वतः म्हणतं, “ताई, नुसते आकडे लिहू का?” तोवर थांबा.

अपूर्णांकासाठी भाकरी-पोळीपेक्षा मला कागदाची पट्टी बरी वाटते. गोलाचे तीन सारखे भाग लहान हातांनी होत नाहीत. बारा सेंटिमीटरची पट्टी कापा. निम्मी म्हणजे सहा, तिसरा हिस्सा म्हणजे चार. जोडून ठेवली की बारातले दहा सेंटिमीटर झाकले जातात. १०/१२, म्हणजे ५/६. आता त्याचं २/५ हे उत्तर घ्या आणि विचारा, “दोन पंचमांश निम्म्यापेक्षा जास्त की कमी?” कमी. “मग निम्म्यात आणखी थोडं मिळवल्यावर निम्म्यापेक्षा कमी कसं झालं?” हा प्रश्न मुलाच्या डोक्यात उतरताना चेहऱ्यावर दिसतो. लसावि, समच्छेद वगैरे त्यानंतर.

ऋण संख्यांना वाण्याची उधारी. तीन रुपये उधार होते, आणखी पाच उधार झाले, तर किती? ‘आठ फायदा’ असं कुणीच म्हणत नाही.

पेन्सिल मुलाच्या हातात राहू द्या

शिकवणाऱ्याचा हात सारखा शिवशिवतो. मूल अडलं की आपण पेन्सिल घेतो, दोन ओळी लिहितो, ‘असं, कळलं?’ विचारतो आणि ते ‘हो’ म्हणतं. ‘कळलं का’ ह्या प्रश्नाला कच्चं मूल नेहमी हो म्हणतं. तो प्रश्न विचारूच नका.

त्याऐवजी असं करा. पहिलं उदाहरण तुम्ही पूर्ण करा, प्रत्येक ओळ का लिहिली ते बोलत. दुसरं तुम्ही लिहा पण शेवटची ओळ त्याला लिहू द्या. तिसऱ्यात शेवटच्या दोन. असं मागून पुढे येत पाचव्या-सहाव्या उदाहरणाला सगळ्या ओळी त्याच्या होतात. सुरुवातीपासून एकट्याने सोडवायला दिलं तर त्याचं सगळं डोकं ‘आता काय करू’ ह्यातच खर्च होतं, पद्धत बघायला उरत नाही. सोडवलेलं उदाहरण नीट वाचणं हाही अभ्यास आहे.

प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. खरंच मोजा. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा कळलं की मी तिनावरच उत्तर सांगून टाकत होते. चार ते आठच्या मध्ये कुठेतरी मूल बोलू लागतं.

ताळा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. दुसऱ्या आठवड्यापासून माझा एक नियम असतो: “बरोबर आहे का?” असं विचारलं की मी उत्तर देत नाही. मी विचारते, “कसं कळेल?” मुलं सुरुवातीला चिडतात. एक मुलगी म्हणाली होती, “तुम्हाला माहितेय ना, मग सांगा ना!” तिची चिडचिड मी समजू शकत होते. तोपर्यंत कुणी तिला तपासायचं साधनच दिलं नव्हतं.

साधनं फार नाहीत. वजाबाकीचा ताळा बेरजेने: ३५ आणि २७ मिळवले तर ६२ येतात, ५२ नाही. भागाकाराचा गुणाकाराने: १८ चोक ७२, ४३२ नाही, १०८ चोक ४३२. समीकरणाचा किंमत घालून: x = ४ आलं, तर दोन चोक आठ, आठ आणि तीन अकरा. जमलं. आठवीनंतर समीकरणं वाढतात, आणि परीक्षेत उत्तर बरोबर आहे हे शंभर टक्के ठाऊक असण्याची सोय फारच थोड्या ठिकाणी असते, त्यातलं हे एक. मुलांना हे सांगितलं की ती ताळा आपणहून करतात.

गुणाकाराला नवाचा ताळा शिकवा. आजी-आजोबांना येतो, पालकांना बहुधा येत नाही, म्हणून मुलाला घरी दाखवायला मजा येते. ४७ × २३ = १०८१ आलं. ४ आणि ७ अकरा, १ आणि १ दोन. २ आणि ३ पाच. दोन पंचे दहा, १ आणि ० एक. आता उत्तराचे अंक: १, ०, ८, १ मिळून दहा, म्हणजे एक. जुळलं. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगा. नवाचा ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक, पण जुळला म्हणजे उत्तर नक्की बरोबर असं नाही. अंकांची अदलाबदल होऊन १८०१ लिहिलं असतं तरी ताळा जुळलाच असता. म्हणून सोबत अंदाज हवा: पन्नास विसा हजार, तेव्हा उत्तर हजाराच्या आसपास. १८०१ फारच दूर.

अंदाज हा सगळ्यांत स्वस्त ताळा. उदाहरण सुरू करण्याआधी कोपऱ्यात पेन्सिलीने अंदाज लिहायला लावा. बसमधल्या माणसांचं उत्तर साडेतीन आलं, वडिलांचं वय मुलापेक्षा कमी आलं, तर तिथेच थांबायची सवय लागते.

ताळा करून चूक मुलाने स्वतः पकडली, तर त्याचं कौतुक बरोबर उत्तरापेक्षा जास्त करा. कौतुक नेमकं करा: “बासष्ट आल्यावर तू थांबलास आणि नोट मोडायची राहिली हे शोधलंस.” ‘हुशार आहेस’ म्हणू नका. हुशार म्हटलेलं मूल पुढच्या वेळी अवघड उदाहरणाला हात लावायला घाबरतं, हुशारी जाईल म्हणून.

पाढ्यांचं ओझं मोजून दाखवा

‘तीसपर्यंत पाढे पाठ पाहिजेत’ असं घरी बजावलेलं असतं, आणि मुलाला सातचा येत नसतो. दहा बाय दहाचा तक्ता काढा. शंभर घरं. आता मुलाच्या हाताने खोडा: एकाचा आणि दहाचा पाढा सोपा, दोनाचा येतो, पाचाचा येतो. उरले तीन, चार, सहा, सात, आठ, नऊ. त्यांची छत्तीस घरं. सात आठे आणि आठ साते एकच, म्हणून जोड्यांतलं एकेक खोडा. उरतात एकवीस. त्यातले दहाबारा त्याला येतच असतात. पाठ करायचे राहिले नऊ-दहा! पाच वर्षं डोंगर वाटलेली गोष्ट अर्ध्या पानावर मावते. रोज दोन घ्या, आणि विसरला तर वाट दाखवा: सात चोक अठ्ठावीस येतं ना, मग सात आठे त्याच्या दुप्पट.

रोज पाच मिनिटं मागचं

आज आलेलं गुरुवारी येत नाही, ही पालकांची तक्रार असते आणि मूल स्वतःला मठ्ठ समजू लागतं. त्याला सांगा की विसरणं सगळ्यांचंच होतं. हर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन संशोधकाने अर्थहीन अक्षरसमूह स्वतः पाठ करून, किती वेळाने किती विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं: सुरुवातीला झपाट्याने विसरतो, आणि मध्ये वेळ सोडून उजळणी केली की टिकतं. म्हणून माझा तास जुन्या तीन उदाहरणांनी सुरू होतो. एक मागच्या तासाचं, एक मागच्या आठवड्याचं, एक महिन्यापूर्वीचं. वही मिटून. ही उदाहरणं कुठून काढायची? त्या चुकांच्या वहीतून.

शाब्दिक उदाहरणं: अडचण बहुतेक भाषेची

सेमी-इंग्रजीच्या, म्हणजे मराठी शाळेत गणित इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांचं हे दुखणं मोठं आहे. विचार मराठीत, उदाहरण इंग्रजीत. मूल मग शब्दांवरून क्रिया ठरवतं: ‘जास्त’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. मी मुद्दाम असं देते: ताईकडे ४५ रुपये आहेत, ते भावाच्या पैशांपेक्षा १८ ने जास्त आहेत, तर भावाकडे किती? ‘जास्त’ बघून मुलं ६३ लिहितात. भावाकडे ताईपेक्षा जास्त झाले, हे अंदाजाच्या ताळ्यात पकडलं जातं. उत्तर २७.

उपाय साधा. उदाहरण मोठ्याने वाचायचं, पुस्तक मिटायचं, आणि आकडे न सांगता गोष्ट मराठीत सांगायची. कोण आहे, काय झालं, काय विचारलंय. गोष्ट सांगता आली नाही तर पेन्सिल उचलायची नाही. सेमीच्या मुलासाठी शब्दांच्या जोड्या वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा: न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, एलसीएम म्हणजे लसावि. घरी आईने शिकवताना अंश-छेद म्हटलं आणि शाळेत दुसरंच ऐकलं, तर त्याला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. मला हे एका मुलीने सांगेपर्यंत सुचलं नव्हतं.

पालकांशी बोलणं

पहिल्या आठवड्यानंतर पालकांना बोलवा आणि कागद समोर ठेवा. “तुमचा मुलगा सातवीत आहे, पण वजाबाकीच्या ह्या पायरीवर सुटलाय. आपण इथून चढणार. पहिल्या चाचणीत गुण फारसे वाढणार नाहीत.” हे आधी सांगितलं तर पुढचे तीन महिने मिळतात. नंतर सांगितलं तर ते निमित्त वाटतं.

मुलासमोर ‘आमच्याही घरात कुणाला गणित यायचं नाही’ असं म्हणू नका, ही विनंती मी हात जोडून करते. ते वाक्य आई प्रेमाने म्हणते, पण मुलाला त्यातून पडतं घेण्याचं कारण मिळतं. घरी वीस मिनिटं पुरेत. शिकवू नका, फक्त विचारा, “ताळा केलास का?”

आणि सगळं करूनही सहा महिन्यांत लहान संख्यांचं लहानमोठेपण कळत नसेल, किंवा वाचन-लेखनातही तशीच अडचण असेल, तर ते आळशीपणाचं लक्षण समजू नका. अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. मुंबईत सायन, नायर अशा महापालिका रुग्णालयांत तिची तपासणी होते, इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत ज्यादा वेळासारख्या सवलती मिळतात. पालकांना हे सांगताना जड जातं. तरी सांगा, आणि दहावीची वाट न बघता सांगा.

परीक्षेआधी

दहावीला बीजगणित आणि भूमिती, प्रत्येकी ४० गुणांचा लेखी पेपर, दोन तास. कच्च्या मुलाने तो क्रमाने सोडवू नये. पहिली पाच मिनिटं पेपर वाचून, ज्यांचा ताळा करता येतो अशा प्रश्नांवर खूण करायची आणि ते आधी सोडवायचे. सुरुवातीच्या अर्ध्या तासात आठ-दहा गुण नक्की आपले झाले, हे कळल्यावर हात थरथरायचा थांबतो. घड्याळ लावून असे तीन पेपर तरी शिकवणीत व्हायला हवेत, आणि ते तपासायचे मुलाने.

शिकवणी कमी करत न्या

तीन महिन्यांनी पहिल्या दिवशीचाच कागद पुन्हा द्या, तेच प्रश्न. झाल्यावर जुना कागद शेजारी ठेवा. त्या मुलाने स्वतःचं ३५ बघितलं, बोट ठेवलं आणि म्हणाला, “नोट मोडली नव्हती.” मी काही बोलले नाही. दोन्ही कागद त्याला घरी न्यायला दिले.

त्यानंतर तीन दिवसांचे दोन करा, मग एक. फी कमी होते, घर चालवणाऱ्याला ते जाणवतं, मला ठाऊक आहे. पण तिन्ही दिवस येत राहिलं तर मूल वही सोडून पुन्हा आपल्याच चेहऱ्याकडे बघायला लागतं. ज्या दिवशी ते येणार नाही, त्या दिवसासाठी पाच उदाहरणं द्या. उत्तरं देऊ नका. प्रत्येकाखाली ताळा करून आणायचा, आणि कुठलं चुकलंय असं त्याला वाटतं त्यावर त्यानेच खूण करायची. पुढच्या तासाला आधी त्या खुणा बघा. उत्तरं नंतर.